द्राक्षाला व्हिसा, पोराला चिठ्ठी

आमचा भाचा अठ्ठावीस वर्षांचा आहे. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या लेखी तो खुल्या गटात अजून दहा वर्षं तरुण राहणार आहे. राजकीय पक्षांच्या हिशेबाने त्याचं तारुण्य अजून सुरूच व्हायचंय, कारण आमच्या तालुक्यातले 'युवा नेते' परवाच आजोबा झाले. त्याच्या आईच्या मते तो लग्नाच्या बाजारात किंचित शिळा झालाय. आणि इंग्लंड-ऑस्ट्रेलियाच्या हिशेबाने त्याच्याकडे दोन वर्षं आणि थोडे महिने शिल्लक आहेत. एकतिसावा वाढदिवस आला की दुकान बंद.

भाचा मेकॅनिकल इंजिनीअर. सातपूरला मोटारीचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात कंत्राटावर तीन वर्षं काढली. दाजींची पिंपळगाव बसवंतजवळ चार एकर द्राक्षबाग आहे, पण बाग हा विषय घरात काढायचा नाही असा अलिखित ठराव आहे. एका रविवारी तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "मामा, मी बाहेर जातोय." मी म्हटलं, "जेवून जा." तो म्हणाला, "देशाबाहेर."

त्या दिवसापासून मी व्हिसा या विषयातला जाणकार झालो आहे. एखाद्या घरात कुणाला मधुमेह निघाला की सगळे जसे आहारतज्ज्ञ होतात, तसा.

पहिला नंबर इंग्लंडचा. तिथे 'इंडिया यंग प्रोफेशनल्स स्कीम' नावाची योजना आहे, २०२३च्या फेब्रुवारीत सुरू झालेली. वर्षाला तीन हजार जागा. दोन वर्षं राहायचं, मिळेल ते काम करायचं, आणि नोकरी आधीपासून हातात असायची गरज नाही. ऐकायला झकास. पण आधी लॉटरी. वर्षातून दोनदा ४८ तासांसाठी खिडकी उघडते. त्यात नाव, जन्मतारीख, पासपोर्ट, फोन नंबर एवढं भरायचं, आणि मग संगणक चिठ्ठी काढतो. चिठ्ठी फुकट आहे, हे मान्य केलं पाहिजे. इंग्रजांनी आपल्याला फुकट दिलेल्या गोष्टींची यादी फार लांब नाही.

चिठ्ठी निघाली तर पुढची वरात. पदवी पाहिजे. क्षयरोगाची तपासणी पाहिजे. सोबत बायको नेता येत नाही, पदरी पोसायला मूल असलेलं चालत नाही. आणि खात्यात २,५३० पौंड सलग २८ दिवस न हलता-डुलता बसलेले पाहिजेत. म्हणजे तीन लाख रुपयांच्या आसपास. ज्याच्या खात्यात तीन लाख रुपये महिनाभर असे निवांत लोळत पडलेले असतात, त्याला पिंपळगाव सोडायची घाई कशाला होईल, हे विचारायचं नसतं. काम मागायला जाताना आपल्याला कामाची गरज नाही हे सिद्ध करायचं असतं. हुंडा नको म्हणणाऱ्या मुलाकडचेही मुलीकडची बाग किती एकर ते बघून येतातच की.

तर आमच्याकडे या २८ दिवसांची रंगीत तालीम झाली. नंबर लागला तर धावपळ नको म्हणून ताईने आधीच बेगमी केली. थोडे दाजींचे, थोडे माझे, आणि मोठा वाटा भाच्याच्या चुलत्यांचा. "फक्त दाखवायला हवेत, वापरायला नाही," असं सांगून घेतलेले. एकोणिसाव्या दिवशी चुलत्यांना ट्रॅक्टरचा हप्ता आठवला. वीस हजार परत गेले, आणि २८ दिवसांचं मीटर पुन्हा शून्यावर आलं. ताई दोन दिवस दिराशी बोलली नाही. चुलते म्हणाले, "मला काय माहीत की इंग्लंडचा राजा आमच्या पतसंस्थेचं पासबुक बघतो."

व्हिसाच्या फीशिवाय तिथल्या सरकारी दवाखान्याचा अधिभारही आहे. वर्षाला ७७६ पौंड, दोन वर्षांचे एकदम, आगाऊ. पावणेदोन लाख रुपये झाले. तरुण हवा, निरोगी हवा, छातीचा फोटो स्वच्छ हवा, आणि आजारी पडण्याचे पैसेही आधी हवेत. मला हे पटतं. पोहण्याचा तलाव नसताना तलावाची फी घेणाऱ्या शाळेपेक्षा हे बरंच.

आता गंमत. हीच सोय इंग्लंडने ऑस्ट्रेलियाच्या पोरांसाठीही ठेवली आहे. दोन कोटी साठ-सत्तर लाख वस्तीचा देश. त्यांच्यासाठी २०२४ मध्ये ४५,००० जागा होत्या. वयाची मर्यादा ३५. मुक्काम तीन वर्षांपर्यंत. पदवीची अट नाही, चिठ्ठी नाही. आपण एकशे चाळीस कोटी. आपल्याला ३,०००, वय ३०, मुक्काम दोन वर्षं, पदवी सक्तीची. म्हणजे लंडनच्या पबमध्ये ग्लास विसळायला ऑस्ट्रेलियन बारावी नापास चालतो, आपला मात्र बी.ई. लागतो. शिक्षणात आपण किती पुढे आहोत याचा याहून सज्जड पुरावा कुणाला हवा असेल तर त्याने आणून द्यावा.

करार दुतर्फा आहे. तिकडच्या तरुणांनाही इकडे येऊन काम करायची मुभा आहे. १६१५ साली सर थॉमस रो सुरतेला उतरून जहांगीराकडे व्यापाराची परवानगी मागायला गेला, तेव्हा बादशहाने "चिठ्ठी टाका, ४८ तासांची खिडकी आहे, निकाल दोन आठवड्यांत कळवू" एवढंच म्हटलं असतं, तर शाळेतलं इतिहासाचं पुस्तक निम्मं झालं असतं.

दुसरा नंबर ऑस्ट्रेलियाचा. त्यांच्या व्हिसाचं नावच 'वर्क अँड हॉलिडे'. काम आणि सुट्टी. आमच्या दाजींना हे शब्द एका वाक्यात कसे बसतात तेच कळेना. भारतीयांसाठी वर्षाला एक हजार जागा. इथेही चिठ्ठी, पण या चिठ्ठीला २५ ऑस्ट्रेलियन डॉलर पडतात, आणि नंबर लागला नाही तर ते गंगेला मिळाले. पहिली नोंदणी २०२४च्या ऑक्टोबरमध्ये उघडली. पहिल्या दोन आठवड्यांत जवळजवळ चाळीस हजार अर्ज आल्याचं त्यांच्याच मंत्र्यांनी सांगितलं. गुणाकार करून बघा. चिठ्ठ्यांचेच दहा लाख डॉलर, साडेपाच कोटी रुपयांच्या घरात. एक जण आत, एकोणचाळीस बाहेर, आणि गल्ला आधीच मोजून झालेला. आपल्याकडे गणेशोत्सव मंडळाने असा लकी ड्रॉ काढला तर निदान बाहेर राहिलेल्यांना स्टीलचा डबा तरी देतात.

इथेही शेजारधर्म पाळलाय. ब्रिटिश पासपोर्टवाल्याला याच्या जुळ्या व्हिसावर वयाच्या पस्तिशीपर्यंत जाता येतं, संख्येची मर्यादा नाही, चिठ्ठी नाही, आणि २०२४च्या जुलैपासून असे तीन व्हिसा एकामागून एक घेता येतात, शेतात राबायची अट न घालता.

शेतात राबायची अट! इथे आमची कथा खरी रंगते. आपल्या पोराला पहिलं वर्ष संपून दुसऱ्या वर्षाचा व्हिसा हवा असेल तर तीन महिने 'नेमून दिलेलं काम' करावं लागतं, ठरवून दिलेल्या भागांत, आणि या कामांच्या यादीत शेती ठळकपणे आहे. फळं तोडणं, बांधणी, द्राक्षवेलींची छाटणी.

ऑक्टोबर हा आमच्या भागात गोडी छाटणीचा महिना. त्या दिवसांत बागेत माणूस मिळत नाही. पेठ-सुरगाण्याच्या टोळ्या पिकअपमधून येतात. त्यांचा मुकादम आठ दिवस आधी उचल घेतो आणि मग फोन उचलत नाही. दाजी पहाटे पाचला उठून रस्त्यावर उभे राहतात, गाडी आली का बघायला. तर त्या ऑक्टोबरमध्ये बागेत टोळी दोन माणसांनी कमी होती, दाजी स्वतः कात्री घेऊन ओळीत शिरले होते, आणि भाचा माडीवर पंख्याखाली बसून परदेशात जाऊन द्राक्षाची छाटणी करायची परवानगी मागणारा अर्ज भरत होता. खालून ताईने हाक मारली, "अरे, बापाला जरा हात लाव." वरून उत्तर आलं, "आई, कामात आहे."

मी त्याची बाजू घेतो. घरच्या बागेत छाटणी केली की माणूस शेतकऱ्याचा पोरगा होतो, आणि शेतकऱ्याच्या पोराला मुलगी कोण देतो? तीच छाटणी मिल्ड्युरा नावाच्या गावात केली की तो 'ऑस्ट्रेलियात असतो'. कात्री तीच, पण बायोडेटा वेगळा. ताई आता स्थळवाल्यांना "तो जायच्या तयारीत आहे" एवढंच सांगते आणि तेवढ्यावरही चहाबरोबर बिस्किटाऐवजी पोहे येऊ लागलेत.

एकाच मालकाकडे सहा महिन्यांहून जास्त काम करता येत नाही, अशीही एक अट आहे. आमच्या मुकादमाला ती सांगितली तर तो म्हणाला, "आमची माणसं सहा दिवसांवर टिकत नाहीत, त्यांना देऊन टाका व्हिसा."

तिसरा नंबर जर्मनीचा. इथे चिठ्ठी नाही, गुण आहेत, त्यामुळे मराठी घरात लगेच विश्वास बसला. २०२४च्या जूनपासून 'चान्सनकार्ट' नावाचा प्रकार सुरू आहे. नावातच चान्स आहे, तो घ्यायचा. आधी शिक्षण जिथे घेतलं त्या देशात सरकारमान्य असलं पाहिजे, मग सहा गुण जमवायचे. पस्तिशीच्या आत असाल तर दोन, अनुभवाचे दोन-तीन, जर्मन येत असेल तर पायरीप्रमाणे एक ते तीन, टंचाई असलेल्या कामातले असाल तर एक. बायकोही पात्र असेल तर तिच्या नावाचा एक गुण. आमच्याकडे बायकोला गुण देणारी ही पहिलीच सरकारी योजना असावी. कार्ड मिळालं की वर्षभर तिथे राहून नोकरी शोधायची, तोवर आठवड्याला वीस तास किरकोळ काम करायचं. आणि हो, खात्यात महिन्याला १,०९१ युरो या हिशेबाने वर्षाचे पैसे आधी बांधून ठेवायचे. तेरा लाख रुपयांच्या आसपास. नोकरी शोधायला जाणाऱ्याकडे वर्षभर नोकरी न करता बसून खाण्याइतके पैसे असले पाहिजेत, हे पुन्हा आलंच. फक्त इंग्लंडला त्यासाठी तीन लाख पुरतात आणि जर्मनीला तेरा. जर्मन माणूस पक्कं काम करतो म्हणतात ते हेच.

भाचा जर्मनच्या शिकवणीला जाऊ लागला. पहिल्या आठवड्यात चेहरा पाडून आला. "मामा, त्यांच्यात चमचा पुल्लिंगी, काटा स्त्रीलिंगी आणि सुरी नपुंसकलिंगी. कसं लक्षात ठेवायचं?" मी म्हटलं, "आपल्यात चमचा तो, सुरी ती आणि ताट ते. तू अठ्ठावीस वर्षं जेवतोयस, कधी अडलं का?" दिल्लीचा पोरगा इथे अडखळतो, कारण त्याच्या हिंदीत दोनच लिंगं. तिसऱ्या लिंगाचा सराव घरूनच घेऊन जाणारे आपण. त्यांची मुलगीसुद्धा व्याकरणात नपुंसकलिंगी आहे, आणि आपल्याकडे 'ते पोरगं' आहेच. या मुद्द्यावर मराठी माणसाला अर्धा गुण वाढवून मिळावा अशी मागणी आपल्या सरकारने करायला हरकत नव्हती. संधीही आली होती. २०२४च्या फेब्रुवारीत महाराष्ट्राने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला, सुरुवातीला दहा हजार तरुण पाठवायचे म्हणून. मनुष्यबळ 'पुरवणे' हे क्रियापद बघा. टँकर पुरवतात, युरिया पुरवतात, तसं.

गोव्याच्या एका मित्राला मी हे सगळं ऐकवत होतो. तो शांतपणे काजू खात म्हणाला, "आमच्याकडे गुण नाहीत, चिठ्ठी नाही. आजोबा बघतात." १९ डिसेंबर १९६१च्या आधी गोव्यात जन्मलेल्याला, त्याच्या मुलांना आणि नातवंडांना पोर्तुगालमध्ये जन्मनोंद करून नागरिकत्व घेता येतं. त्या पासपोर्टवर ब्रेक्झिटच्या आधी कित्येक गोंयकार थेट इंग्लंडला पोचले आणि स्विंडन शहरात त्यांची वसाहतच झाली. भाच्याने रात्री आपल्या आजोबांची माहिती काढली. जन्म निफाड तालुका, साल १९३४, राज्य इंग्रजांचं. म्हणजे आपल्यावर दीडशे वर्षं राज्य करून गेलेले लोक चिठ्ठी टाका म्हणतात, आणि गोव्यावर साडेचारशे वर्षं केलेले घरचेच समजतात. गुलामगिरीतही सेवाज्येष्ठता असते.

अमेरिकेचं नाव मी त्याला काढूच दिलं नाही. तिथेही लॉटरीच होती, आणि २०२५च्या सप्टेंबरात त्यांच्या अध्यक्षांनी नव्या एच-वन-बी अर्जावर एक लाख डॉलर लावले. पाऊण कोटीहून जास्त. त्या पैशात दाजी शेजारची बाग घेतील आणि वर भाच्याचं लग्न लावून देतील.

शेवटी इंग्लंडने आणखी एक दार किलकिलं केल्याची बातमी आली. जुलै २०२५ मध्ये सही झालेल्या व्यापार कराराप्रमाणे वर्षाला १,८०० जणांना वेगळी वाट मिळायची आहे: योगशिक्षक, भारतीय स्वयंपाक करणारे शेफ आणि शास्त्रीय संगीतकार. मोटारीचे सुटे भाग बनवणाऱ्याचा उल्लेख नाही. ताईने कपाळावर हात मारला. भाचा आठवीत असताना त्याला पेटीच्या क्लासला घालायचं ठरलं होतं, तेव्हा दाजी म्हणाले होते, "गाण्याने पोट भरतं का?" आणि इंजिनीअरिंगचा क्लास लावला. आता पोरगा सूर्यनमस्काराचे व्हिडिओ बघतो आणि आई त्याला वरणफळं शिकवते.

अशा घरात एजंटाचा शिरकाव व्हायचाच. तालुक्याच्या गावात, झेरॉक्सच्या दुकानावर माडी, माडीवर काचेचा दरवाजा, दरवाजावर पाच देशांचे झेंडे. नाव सांगत नाही, कारण तिथे आता मोबाइलच्या कव्हरांचं दुकान आहे. साहेबांनी भाच्याला थायलंडमध्ये 'डेटा एंट्री' सांगितली. पगार लाखभर, अनुभव नको, व्हिसा पोचल्यावर, पैसे आज. मी हे ऐकलं आणि चप्पल घालून निघालो. थायलंडला उतरवून पुढे म्यानमारच्या हद्दीत नेऊन, कोंडून, तिथून लोकांना ऑनलाइन गंडवायला लावणारे अड्डे आहेत. आपल्या सरकारने विमानं पाठवून तिथून पोरं परत आणली आहेत. त्या पोरांनाही कुणीतरी असलंच काहीतरी सांगितलेलं होतं.

साहेबांना मी दोनच प्रश्न विचारले. १९८३च्या उत्प्रवास कायद्याखाली तुमची नोंदणी आहे का? आणि नोंदणीकृत भरती एजंटाला उमेदवाराकडून तीस हजार आणि त्यावरचा जीएसटी याहून जास्त घेता येत नाही, मग हे अडीच लाख कसले? साहेब गोड हसले. म्हणाले, "काका, तीस हजारात कुणी देवळात तरी नेतं का?" उत्तरादाखल एवढंच सांगतो की पंढरपूरची एसटी अजूनही त्याहून स्वस्त आहे. इ-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर एजंटाचं नाव शोधायला दोन मिनिटं लागतात. साहेबांचं नाव तिथे नव्हतं. त्यांच्या माडीवरच्या भिंतीवर मात्र त्यांचे तीन मंत्र्यांबरोबरचे फोटो होते.

या फेब्रुवारीत इंग्लंडची खिडकी पुन्हा उघडली. आमच्याकडे फेब्रुवारी म्हणजे तोडणी. बागेत पॅकिंगची माणसं, दारात माल थंड ठेवणारी रीफर गाडी, आणि घरात ४८ तास सगळ्यांनी वायफायला हात लावायचा नाही असा हुकूम. ताईने लॅपटॉप देव्हाऱ्यासमोर ठेवून हळद-कुंकू वाहिलं. कुंकू एंटरच्या बटणात गेलं ते अजून निघालेलं नाही. अर्ज गेला.

दाजींचा माल त्याच आठवड्यात लंडनला निघाला होता. दाजींना भाच्याच्या कागदपत्रांचं कधीच नवल वाटलं नाही, ते याच्यामुळे. निर्यातीची बाग आधी कृषी खात्याकडे नोंदवावी लागते. मग कीटकनाशकांच्या अंशाची तपासणी, प्रयोगशाळेचा दाखला, रोगमुक्त असल्याचा दाखला, आणि पेटीवरच्या आकड्यांवरून माल कुणाच्या बागेतला ते तिकडच्या माणसाला कळतं. २०१० मध्ये युरोपने क्लोरमेक्वाट क्लोराइडचा अंश सापडला म्हणून द्राक्षं नाकारली तेव्हा आमच्या भागातली कितीतरी घरं बसली होती. त्या सालापासून दाजी प्रयोगशाळेचा अहवाल देवाच्या फोटोमागे ठेवतात. घडातला मणी सोळा मिलिमीटरच्या वर हवा, रंग एकसारखा हवा, देठ हिरवा हवा. "अटी कडक आहेत," दाजी म्हणतात, "पण चिठ्ठी नाही. बसला मापात तर गेला."

दोन आठवड्यांनी भाच्याला मेल आला तेव्हा तो बागेच्या कडेला शेडमध्ये होता. इंग्रजी येतं म्हणून दाजींनी त्याला पेट्यांवर लेबलं चिकटवायला बसवलं होतं. त्याने मेल वाचला, मोबाइल खिशात घातला आणि पुढचं लेबल काढलं. निकाल त्याने सांगितला नाही, कुणी विचारलाही नाही.

समोर सुरगाण्याची एक मावशी पनेटमध्ये, म्हणजे प्लास्टिकच्या डबीत, घड बसवत होती. तिने पेटीकडे बघून विचारलं, "दादा, ही कुठं चालली?"

"लंडनला."

"आन् तिथं जायला काय लागतं?"

भाच्याने लेबलावर अंगठा दाबला. "सोळा मिलिमीटर."